उसनी साडी, उसना स्विमसूट आणि तीन पौंड

आज कोथरूडमध्ये एका ग्रूमिंग क्लासच्या मोफत सत्रात ट्रेनरनं कॉलेजच्या मुलींना सांगितलं, की पूर्वीच्या मिस इंडियाला काही करावंच लागत नसे, छान साडी नेसायची आणि हसायचं. मुली हसल्या. संध्याकाळ झाली तरी माझा संताप उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

नोव्हेंबर 1966. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणारी रीटा फारिया मिस वर्ल्डसाठी लंडनला गेली, तेव्हा साडी उसनी होती, स्विमसूट आदल्या वर्षीच्या फेमिना मिस इंडियाचा, म्हणजे पर्सिस खंबाटाचा, आणि जवळ तीन पौंड. त्याच जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं होतं, पौंड सुमारे 13 रुपयांवरून थेट 21 वर. म्हणजे हातात 63 रुपये. आणि ती जिंकली! मिस वर्ल्ड झालेली आशियातली पहिली मुलगी.

उसना स्विमसूट म्हणजे काय, हे त्या ट्रेनरला ठाऊक आहे का? अख्ख्या स्विमसूटचं माप नुसत्या छाती-कंबरेवर ठरत नाही. खांद्यापासून दोन पायांच्या मधून परत खांद्यापर्यंत टेप फिरवून जी लांबी येते, तिच्यावर सगळं अवलंबून असतं. ती दोन इंच जरी कमी पडली, तरी पट्टे खांद्यात रुततात, लाल वळ उठतात आणि मागची कड चार पावलांत वर सरकते. ती हातानं खाली ओढायची नाही, परीक्षक बघत असतात. पट्टे सैल केले तर पुढून गळा उतरतो.

आणि साडी. पाच-साडेपाच मीटर कापड अंगावर घेऊन, उंच टाचांवर, पायऱ्या उतरून, दिव्यांच्या झोतात चालणं हे ज्यांना सोपं वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. आधी चपला घालायच्या, मग परकर बांधायचा, मग साडी. क्रम उलटला की काठ जमिनीपासून दोन-तीन इंच वर राहतो आणि पुढे काहीही केलं तरी खाली येत नाही. परकर सुती हवा आणि नाडी घट्ट हवी. सॅटिनच्या परकरावरून शिफॉन निसटते, दहा मिनिटांत निऱ्या खाली येतात. निऱ्या सहा-सात, साधारण पाच इंच रुंद, सगळ्यांची खालची कड एका रेषेत. निऱ्यांची पिन आतून परकराला धरून लावायची, आणि रेशमी साडी असेल तर खांद्यावरच्या पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा ठेवायचा, नाहीतर जरीच्या भारानं पदर खांद्यावर फाटतो. शिफॉनच्या मागून दिवा आला की परकराची कड स्पष्ट दिसते, म्हणून परकर त्याच रंगाचा आणि पायघोळ. पायरी चढताना निऱ्या उजव्या हातानं किंचित उचलायच्या, तेही मान खाली न घालता.

हे सगळं त्या मुली करत होत्या. इंद्राणी रहमान 1952 साली मिस युनिव्हर्सला लाँग बीचला गेल्या, भारताकडून जाणाऱ्या पहिल्याच. शास्त्रीय नर्तकी, लग्न झालेल्या, पदरी मूल. त्याआधी 1947 ची मिस इंडिया प्रमिला, मूळची कलकत्त्याची एस्थर अब्राहम, तेव्हा तिशी ओलांडलेली आणि गरोदर. पुढे 1967 मध्ये तिची मुलगी नकी जहान मिस इंडिया झाली. आणि ‘लग्न झालेल्यांनाही प्रवेश’ हे मिस युनिव्हर्सवाल्यांनी 2023 पासून मोठी सुधारणा म्हणून जाहीर केलं.

बरं, हेही मान्य, की तेव्हा मंचावर दिसणाऱ्या मुली बहुतेक मोठ्या शहरांतल्या, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या होत्या. आपल्या सदाशिव-नारायण पेठेतल्या घरांतून कोण पाठवणार होतं? आणि बायकांना मापात तोलणं मलाही आवडत नाही, 1996 मध्ये बंगलोरला मिस वर्ल्ड स्पर्धेविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांचं त्यातलं म्हणणं चूक नव्हतं. पण म्हणून त्या मुलींचे कष्ट पुसायचे?

आपली मधू सप्रे आठवा. 1992, बँकॉक, मिस युनिव्हर्स. मैदानावर वाढलेली मुलगी, देशाची सूत्रं हाती आली तर काय कराल या प्रश्नावर तिनं खेळाचं मोठं स्टेडियम बांधीन असं सांगितलं. मनात होतं ते बोलली. मुकुट त्या उत्तरानं गेला असं अजूनही म्हणतात. मला ते उत्तर तेव्हाही आवडलं होतं आणि आजही आवडतं.

सुश्मिता सेननं 1994 मध्ये मिस इंडियाच्या अंतिम फेरीत घातलेला गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगरच्या बाजारातल्या कापडाचा होता, साध्या शिंप्यानं शिवलेला. हातमोजे काळे पायमोजे कापून केलेले. पायमोज्याचा बोटांकडचा भाग कापला की कड उसवत जाते, ती दुमडून इलॅस्टिक भरावं लागतं, नाहीतर मोजा दंडावरून घसरत मनगटाशी गोळा होतो. कोणीतरी बसून हे केलं ना!

पुन्हा रीटाकडे येते, कारण राग तिथेच अडकलाय. मुकुटानंतरचं करारातलं एक वर्ष संपवून ती वैद्यकीय शिक्षणाकडे परतली, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये. मॉडेलिंग, सिनेमा, सगळं बाजूला. तीन पौंड घेऊन गेलेल्या मुलीला तेव्हा पैशांचा मोह किती झाला असेल, तरी तिला डॉक्टरच व्हायचं होतं. हे लिहिताना राग थोडा निवला खरा.

ट्रेनरताई, तुम्ही ही पोस्ट वाचाल अशी आशा आहे. पुढच्या सत्रात त्या मुलींना तयार शिवलेली साडी देऊ नका. साधी शिफॉन, सुती परकर आणि सहा पिना द्या, तीन इंचांच्या टाचा घालून स्वतःच्या हातानं नेसायला लावा, आणि हॉलच्या जिन्यावरून दोनदा वर-खाली चालवा. मग विचारा, कोण हसतंय.