चान्सचा रकाना

काल रात्री साडेअकराला फाइल आली. 'ताई, जरा नजर टाक. पोराला पत्रकारितेच्या डिग्रीला चान्स किती ते सांग.' पाठवणारा माझा चुलतभाऊ. उघडली तर एक्सेल. शाळेतले गुण, सॅटचा (अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचा) स्कोअर, वक्तृत्वाची बक्षिसं, 'लीडरशिप', 'समाजसेवा', मग अमेरिकेतल्या दहा कॉलेजांची नावं आणि त्यांना तीन रंग. लाल म्हणजे स्वप्नातलं, पिवळं म्हणजे जमलं तर जमलं, हिरवं म्हणजे खिशात. शेवटचा रकाना माझ्यासाठी मोकळा ठेवलेला. मथळा: 'चान्स, टक्क्यांत'.

या हंगामातली ही सातवी फाइल. मी वीस वर्षं बातम्या लिहिल्या, त्याहून जास्त दुसऱ्यांच्या कापल्या, आणि तेवढ्यावरून गोतावळ्याने माझी ज्योतिषी म्हणून नेमणूक करून टाकलीय. पोपट तेवढा नाही माझ्याकडे.

राग कशाचा येतो सांगू? सातही फायलींमध्ये मुलांनी लिहिलेली एक ओळ नाही. एक ओळ! पोरगं गाणं शिकायला निघालंय आणि त्याची उंची, वजन, रक्तगट सगळं पाठवलंय, आवाज तेवढा ऐकवलेला नाही. आणि वर विचारायचं, गवई होईल का हो?

बरं, मी 'आकडा सांगता येत नाही' म्हटलं की समोरच्याला वाटतं ही भाव खातेय. मग तो स्वतःच आकडा काढतो. भावाने काढलाच होता. 'दहा कॉलेजं, प्रत्येक ठिकाणी समजा दहा टक्के मुलं घेतात. म्हणजे कुठे ना कुठे लागण्याची शक्यता पासष्ट टक्के. बरोबर ना?' गुणाकार बरोबर आहे रे बाबा. दहाही ठिकाणी नकार येण्याची शक्यता पस्तीस टक्के, म्हणून उरले पासष्ट. पण हे गणित फाशांना लागू पडतं. एका फाशाला दुसऱ्याचं काही माहीत नसतं. इथे दहाही ठिकाणी तोच मुलगा, तोच मुख्य निबंध, तेच गुण, त्याच शिक्षकांची शिफारसपत्रं जाणार. निबंध पहिल्या कॉलेजात रटाळ वाटला तर दुसऱ्यात तो काय उडी मारून उठणार आहे? एकच सैल खिळा दहा भिंतींत ठोकायचा आणि म्हणायचं, एका तरी भिंतीत बसेल.

आणि तो 'दहा टक्के' आकडा तरी कोणाचा? तो गर्दीचा आहे. शंभरांनी अर्ज केला, दहा घेतले, एवढंच तो सांगतो. त्या शंभरांत आधीच ठरवून घेतलेले खेळाडू असतात, त्याच कॉलेजात शिकलेल्यांची मुलं असतात. पुष्कळदा तो दर अख्ख्या विद्यापीठाचा असतो, पत्रकारितेचा नसतोच. काही ठिकाणी तुम्ही आधी विद्यापीठात शिरता आणि विषय मागाहून निवडता, काही ठिकाणी अर्जातच पत्रकारितेच्या स्कूलचं नाव घालावं लागतं आणि मग चाळणीच वेगळी लागते. सॅट ऐच्छिक असेल तिथे छापलेला स्कोअर फक्त पाठवणाऱ्यांचा असतो, ज्यांचा कमी पडला ते पाठवतच नाहीत. मग ते आकडे बघून घरोघरी रडारड.

वाचायचंच असेल तर वाचायला आहे ना! अमेरिकेतली बरीच कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' जाहीर करतात. त्यात सी-७ नावाचा तक्ता असतो. गुण, विषय किती अवघड घेतले, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत, कला-कौशल्य अशा एकेका गोष्टीपुढे खूण असते: अत्यंत महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, घेत नाही. फुकट आहे. दहा कॉलेजं म्हणजे एका दुपारचं काम. सातपैकी एकानेही तो उघडलेला नव्हता. बातमीदारीतली पहिली सवय काय, तर मूळ कागद काढून बघणं. हे निघालेत पत्रकार व्हायला आणि मूळ कागद सोडून आत्याला विचारतायत.

लाल रंगात पहिलं नाव कोलंबियाचं. वर्तमानपत्रवाल्या पुलित्झरच्या पैशातून १९१२ साली सुरू झालेली पत्रकारितेची शाळा, नाव मोठं, मान्य. पण ती पदवीनंतरची शाळा आहे! बारावी झालेल्या मुलाला पत्रकारितेची बॅचलर डिग्री तिथे मिळतच नाही. म्हणजे ज्या दाराला उंबराच नाही ते ओलांडण्याचे टक्के मी काढायचे. भावाला सांगितलं तर म्हणाला, 'असू दे ग, यादीत छान दिसतं.' पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. (आणि पुलित्झर स्वतः? हंगेरीतून आलेलं पोर. सेंट लुइसच्या एका जर्मन वर्तमानपत्रात १८६८ साली बातमीदार म्हणून चिकटलं. त्याचा चान्स कोणी काढला होता?)

हे लिहिलं की दुसरी टोळी उठेल, ती तर त्याहून डोकं उठवते. 'डिग्री हवीच कशाला? निक्सनचं वॉटरगेट प्रकरण बाहेर काढणाऱ्या कार्ल बर्नस्टीनने कॉलेज अर्धवट सोडलं होतं!' होय, सोडलं होतं. पण त्याआधी सोळाव्या वर्षापासून तो वर्तमानपत्राच्या कचेरीत निरोप्याचं काम करत होता, हे कोण सांगणार? टिळकही गणिताचे पदवीधर होते, म्हणून उद्या कॅल्क्युलसचा पेपर दिल्याने केसरी निघणार आहे का? डिग्रीचा उपयोग असतो. मिझुरीची पत्रकारिता शाळा १९०८ साली उघडली, तिथे वर्ग भरले त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्राचा पहिला अंक काढला. असं काही करायला मिळणार असेल तर जरूर जावं. पण असल्या ठिकाणी तुम्हाला आत घेताना हा पोरगा पहिल्या दिवशी काय करेल, हे कोणी पाहणार नाही असं वाटतं का तुम्हाला?

आणि ते पैसे घेऊन 'प्रोफाइल' बनवणारे सल्लागार. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात, उपक्रम लिहायला दहा जागा असतात, प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरं. या मंडळींना दहा जागा म्हणजे दहा भोकं दिसतात आणि ती बुजवायचा ठेका यांनी घेतलेला. एक संस्था काढ, एक पॉडकास्ट काढ, तीन भागांनंतर बंद कर, लिहिताना 'संस्थापक' लिही. भावाच्या फाइलमध्ये पोरगा तीन ठिकाणी संस्थापक आहे. वय वर्षं सतरा.

आणि याच फाइलमध्ये, सगळ्यात खाली, करड्या रंगात एक ओळ होती. 'शालेय वार्तापत्र, बंद.' तिच्यापुढे शेरा: 'घालू नये.'

रात्री बारा वाजता मी भाच्याला फोन लावला. 'हे काय रे?' आधी गुळमुळीत बोलला. मग हळूहळू बाहेर आलं. परीक्षेच्या दिवसांत शाळेतली बरीच स्वच्छतागृहं कुलूपबंद असायची. याने दोन आठवडे वही घेऊन रोज तीन वेळा सगळ्या मजल्यांवर चक्कर मारली, कुठलं कधी उघडं, कुठलं कधी बंद, सगळं टिपलं. शिपाईमामांशी बोलला. किल्ल्या कोणाकडे असतात ते शोधून काढलं. मुली दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत हे त्याला दोन वर्गमैत्रिणींनी सांगितलं, त्यांची नावं न छापण्याचा शब्द त्याने दिला आणि पाळला. अंक तयार झाला आणि वाटायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिकांनी थांबवला. वार्तापत्रच बंद. सल्लागाराने सांगितलं, 'हे अर्जात नको, वादग्रस्त दिसतं. चान्स कमी होतात.'

मी फोन हातात धरून अक्षरशः उभी राहिले. अरे गाढवा! तीन ठिकाणी संस्थापक असल्याचं छातीठोक लिहितोस आणि जे एकमेव खरं काम केलंस ते करड्या रंगात पुरून ठेवतोस? शाळेने अंक अडवणं ही काही तुझ्या एकट्याची लाज नाही. मिझुरीतच, त्या पत्रकारिता शाळेच्याच राज्यात, हेझलवूड नावाच्या एका हायस्कुलात १९८३ मध्ये मुख्याध्यापकाने मुलांच्या अंकातली दोन पानं उडवली होती. किशोरवयीन गरोदरपण आणि आईबापांचे घटस्फोट, या विषयांवरचे लेख होते. मुलं कोर्टात गेली, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९८८ मध्ये निकाल मुलांच्या विरोधात लागला, पाच विरुद्ध तीन. हरले. पण अमेरिकेत शालेय पत्रकारितेचा विषय निघाला की आजही पहिलं नाव त्या खटल्याचंच निघतं. तिथले प्राध्यापक तुझी ओळ वाचून दचकतील असं वाटतं तुला?

'पण आत्या, छापून तर आलंच नाही ना ते,' म्हणाला. 'सर्टिफिकेट पण नाही.'

सर्टिफिकेट! सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात हे कोणी भरलं? आम्ही. त्या फायली बनवणाऱ्यांनी, रंग देणाऱ्यांनी, आणि माझ्यासारख्यांनीही, ज्यांनी पहिल्या सहा फायलींना 'छान आहे, प्रयत्न कर' असं उत्तर देऊन विषय संपवला. त्या सहांच्या तळाशी काय पुरलेलं होतं, मी विचारलंसुद्धा नाही.

भावाला चान्सचा रकाना कोराच परत पाठवला. त्याचं लगेच उत्तर: 'अग पण अंदाजे तरी?' अंदाजे नाही, काहीच नाही. झोप.

पोराने मात्र रात्री एक वाजता तो लेख पाठवला. अकराशे शब्द. सुरुवातीला स्वच्छतेचं महत्त्व, मग एक सुविचार, मग शाळेची स्थापना. कुलपं चौथ्या परिच्छेदात. पहिले तीन काढून टाक म्हणून कळवलंय. वहीतल्या नोंदींचा तक्ता कर, तारीख आणि वेळ घालून. आणि मुख्याध्यापिकांची बाजू कुठे आहे? त्यांना विचारलं होतंस का, की नुसताच चिडून घरी आलास?