‘खंबीर बाईवर अशी वेळ येत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घरात मार खाणाऱ्या बायकांबद्दलचा तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बायकांना धोका असतो तो अनोळखी पुरुषांपासून; शिकलेल्या, कमावत्या बाईवर हात उचलायची कुणाची हिंमत होत नाही; ज्या सोसत राहतात त्या मुळात दुबळ्या, त्यांना तसेच पुरुष आवडतात; आणि खरंच त्रास असता तर त्या निघून गेल्या असत्या.

अनोळखी पुरुषांचं आधी. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात सुमारे ८५ हजार स्त्रिया आणि मुलींची हत्या झाली. त्यातल्या ५१,१०० जणींना मारणारा जोडीदार होता किंवा घरातलाच कुणी. म्हणजे दर दहांतल्या सहा. अंधाऱ्या रस्त्याची भीती खोटी नाही, पण बायकांना सगळी सावधगिरी रस्त्याबद्दलच शिकवली जाते.

कमाईच्या मुद्द्यात तथ्य आहे, अर्धंच. पगार तिचा असला तरी कार्ड, पासवर्ड आणि कर्जाचे हप्ते कुणाच्या ताब्यात आहेत ते बघावं लागतं. तो बेकार आणि ती कमावती झाली की काही घरांत मारहाण वाढतेसुद्धा. दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतात गरीब बायकांच्या गटांना छोटी कर्जं दिली गेली, आणि त्यांच्या बैठकांतच नातेसंबंध, हिंसा, आरोग्य यांवर सत्रं घेतली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या बायकांवरची जोडीदाराची हिंसा ५५ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे पैशाचा उपयोग झाला, पण तो एकटा नव्हता. सोबत बोलणं होतं, आणि पाठीशी उभ्या राहणाऱ्या बाया होत्या.

आता ‘दुबळ्या’ बायका. इथे मेसेज लिहिणाऱ्याने सगळ्यात जास्त गल्लत केली आहे. परिस्थितीने घातलेली कोंडी त्याला स्वभाव वाटते. व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईला औषध देणारा, अंघोळ घालणारा आणि मारणारा माणूस एकच असेल, तर तिने तक्रार केल्यावर उद्या सकाळी तिला उठवणार कोण? नवऱ्याच्या व्हिसावर परदेशी गेलेल्या बाईचा पासपोर्ट त्याच्या कपाटात असतो आणि ‘सांगितलंस तर परत पाठवतील’ ही धमकी रोजची. अमेरिकेने १९९४च्या कायद्यात अशा बायकांना, नवरा नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर, त्याच्या मदतीशिवाय स्वतः अर्ज करायची सोय दिली. ती मिळाल्यावर त्यांचा स्वभाव बदलला नव्हता, फक्त त्या धमकीतली हवा गेली. गरोदरपण, म्हातारपण, नवं गाव, तुटलेलं माहेर, भाषा न येणं, या सगळ्यांचंही असंच. प्रत्येक गोष्टीने मदतीचं एखादं दार बंद होतं, आणि कुठलं दार बंद आहे हे त्रास देणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं.

‘तसेच पुरुष आवडतात’ हे वाक्य वाचून मला राग येतो, पण त्यामागचं निरीक्षण खरं आहे. लहानपणी अत्याचार सोसलेल्या मुलींवर मोठेपणी पुन्हा अत्याचार होण्याची शक्यता जास्त असते. याचं कारण आवडीनिवडीत शोधायची गरज नाही. ज्या घरात ओरडाआरडा आणि पाळत हेच रोजचं होतं, तिथे वाढलेल्या मुलीला धोक्याची घंटा उशिरा ऐकू येते. परत जायला आईबापांचं घर नसतं. आणि निवड बहुतेक वेळा समोरचाच करत असतो. जिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही अशी बाई त्याला सोयीची. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, व्यसन असेल, तर ‘तिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ एवढं म्हटलं की त्याचं काम भागतं.

दारूबद्दलही मेसेजमध्ये एक ओळ आहे: मारते ती दारू, माणूस नाही. दारूने मार वाढतो, हे खरं. पण तोच माणूस त्याच नशेत साहेबावर हात उचलत नाही.

राहिला निघून जाण्याचा प्रश्न. बायका निघून जातात, अनेकदा जातात. प्रश्न त्यानंतरचा आहे. अमेरिकेतल्या ११ शहरांमधल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अतिशय नियंत्रण ठेवणाऱ्या जोडीदाराला सोडून गेलेल्या बाईच्या खुनाची जोखीम सुमारे नऊपट होती. म्हणून ‘ऊठ आणि निघ’ हा सल्ला तयारीशिवाय देणं जिवावर बेतू शकतं. कागदपत्रं, थोडे पैसे, मुलांची सोय, त्याला न कळलेला पत्ता, हे जमेपर्यंत ती थांबते तेव्हा बाहेरून ते सोसणं दिसतं.

त्या अभ्यासाच्या प्रमुख जॅकलिन कॅम्पबेल मूळच्या परिचारिका. १९८०च्या दशकात त्यांनी मार खाणाऱ्या बायकांच्या जिवाला किती धोका आहे हे ओळखायला एक प्रश्नावली तयार केली. तिच्यातले बहुतेक प्रश्न मारणाऱ्याबद्दल आहेत: त्याच्याकडे बंदूक आहे का, तो बेकार आहे का, पाळत ठेवतो का, गरोदर असताना मारलं का, कधी गळा दाबला का. गळ्याचा प्रश्न तर विसरूच नये. ज्या बाईचा एकदा गळा दाबला गेला आहे, तिचा पुढे त्याच माणसाकडून खून होण्याची शक्यता सातपटीने वाढलेली आढळली आहे, आणि गळ्यावर वळ अनेकदा उमटतही नाही. ‘तो तुला मारून टाकू शकेल असं वाटतं का?’ असाही एक प्रश्न त्यात आहे. बाई ‘हो’ म्हणाली तर ते खरं धरून पुढची पावलं उचलायची. ‘नाही’ म्हणाली तरी बाकीचे प्रश्न विचारायचेच, कारण मारल्या गेलेल्या किंवा थोडक्यात वाचलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्या जणींना धोका इतका मोठा आहे याचा अंदाज आलेला नव्हता.