डोक्याला मार लागल्यावर रक्तदाबाची गोळी देऊ नये

‘अपघातात डोक्याला मार लागलेल्या व्यक्तीचा रक्तदाब वाढलेला दिसल्यास मेंदूतील दाब उतरवण्यासाठी घरातील बीपीची गोळी लगेच द्यावी’ असा संदेश सध्या फिरत आहे. हा सल्ला चुकीचा असून जिवावर बेतू शकतो.

कवटी ताठर असल्याने आत रक्त साकळले किंवा सूज आली की दाब वाढतो, आणि मेंदूला रक्त पुरवणारा दाब म्हणजे धमन्यांतील सरासरी दाबातून कवटीतील दाब वजा करून उरणारा दाब. सरासरी रक्तदाब ९० आणि कवटीतील दाब १० मिलिमीटर असेल, तर ८० उरतात. कवटीतील दाब ३० झाला आणि त्यातच गोळीने रक्तदाब ७५ वर आणला, तर उरतात केवळ ४५. गंभीर इजेत हा आकडा ६० ते ७० दरम्यान राखावा, असे मेंदूच्या इजांवरील उपचारांसाठी काम करणाऱ्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशन या अमेरिकी संस्थेची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

वाढलेला रक्तदाब हा अनेकदा मेंदूचा रक्तपुरवठा टिकवण्याचा शरीराचा प्रयत्न असतो. सोबत नाडी मंदावली आणि श्वास अनियमित झाला, तर ती अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वर्णिलेली धोक्याची खूण होय. आपोआप झालेल्या मेंदूतील रक्तस्रावात रुग्णालयात रक्तदाब नियंत्रितपणे उतरवतात; गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा. बेशुद्ध किंवा गुंगीतील रुग्णाच्या तोंडात गोळी घालणे तसेही धोक्याचे, कारण ती श्वासमार्गात जाऊ शकते. मान न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.