शिडीनं मला नाकारलं

काल रात्री मला नकार आला. लग्नाला अकरा वर्षं झालेल्या माणसाला, आणि तोही फळ्यांकडून.

स्टॉकहोमच्या एका आजोबांना जुनं 'स्ट्रिंग' विकायचं होतं. भिंतीला ठोकायच्या तारेच्या शिड्या आणि त्यांत अडकवायच्या सागवानी फळ्या. फळी हवी तेव्हा वर-खाली करा, पान्हासुद्धा लागत नाही. जाहिरातीत किंमत स्पष्ट लिहिलेली. पैसे द्यायचे, माल काखोटीला मारायचा आणि मेट्रो पकडायची, असा माझा भाबडा बेत.

आजोबांनी कॉफी आणि वेलदोड्याचे बन पुढे केले, तेव्हाच ओळखायला हवं होतं. कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता तो. मुलगी भिंतीवर, मी खुर्चीच्या कडेवर.

"भिंत कसली आहे?"

"काँक्रीट."

मान डोलली.

"घर स्वतःचं?"

"भाड्याचं."

मान थांबली.

"पुस्तकं किती आहेत तुझ्याकडे?"

इथे मी खरं बोललो. स्वीडनमध्ये आजोबांनाही अरे-तुरे करतात, त्यामुळे माणूस नको तितका मोकळा होतो. "पुस्तकं नाही, डबे ठेवीन म्हणतो. डाळींचे. खाली ताटं."

"ताटं," आजोबा म्हणाले.

"आणि वाट्या."

त्यांनी कप खाली ठेवला. मग कुलवृत्तांत सुरू झाला. बोनिअर या प्रकाशकांनी १९४९ साली पुस्तकांच्या मांडणीसाठी स्पर्धा ठेवली. स्वस्त हवी, न्यायला सोपी हवी, सामान्य माणसाला घरी लावता यावी. निल्स स्ट्रिनिंग आणि त्याची बायको काय्सा यांची ही शिडी पहिली आली. पुढे १९५४ साली मिलानला सुवर्णपदक. "मुलीनं संगीताच्या चार परीक्षा दिल्यात" हे ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात. सांगताना फळीवरून बोट फिरवत होते. बोटाला धूळ लागली नाही. माझ्याकडे मात्र पाहिलं ते डाळीचं पीठ सांडल्यासारखं.

"विचार करून कळवतो," म्हणाले.

सामान्य माणसासाठी केलेली वस्तू, आणि सामान्य माणूस दारात आला तर त्याची मुलाखत! दीड तास जायला, दीड तास यायला, रविवार पाण्यात. एवढी चौकशी करायची होती तर जाहिरातीतच लिहायचं ना, की अनुरूप वाचक हवा. नऊ वर्षं इथे कर भरतोय, त्यात कुणी विचारत नाही की पैसे डाळ खाऊन कमावलेस का.

परत येताना आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "अरे, ही तर मांडणी! पण ताटांना खाचा कुठायत?" आमच्या साताऱ्याच्या मांडणीत ताटं अशी उभी असायची की पाहुण्याला आधी नावं दिसावीत. प्रत्येकावर कोरलेलं, कुणाकडून, कुणाला, कधी. एका वाटीवर तर वडिलांचं नाव चुकलंय. तीस वर्षं त्या चुकीच्या माणसाच्या वाटीतून आम्ही आमटी खाल्ली.

मग गाडीत बसल्या बसल्या स्ट्रिनिंगबद्दल वाचत गेलो, आणि हातातला डबा पडावा तसं झालं. या गृहस्थानं शिडीच्या आधी काय केलं होतं? प्लास्टिकचा लेप दिलेल्या तारेची जाळी. धुतलेली ताटं निथळत ठेवायला!

हे मला त्या बनाच्या वेळी माहीत असायला हवं होतं.

काल त्यांचा निरोप आला: दुसऱ्या कुणाला दिली, त्याच्याकडे बरीच पुस्तकं आहेत. मी ताटांच्या जाळीची सगळी हकिकत लिहून पाठवली, फोटोसकट. आजोबांनी एक अंगठा पाठवला.