वेगाचा आकडा म्हणजे खेळाडू नव्हे

बेसबॉलमधल्या होतकरू पोरांबद्दल सध्या एक दावा जिकडेतिकडे फिरतोय. त्याचं सार असं: स्काउटांचे, म्हणजे संघांसाठी होतकरू खेळाडू हेरणाऱ्यांचे, दिवस संपले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा फास्टबॉल ताशी किती मैलांचा, बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटतो, साठ यार्ड तो किती सेकंदांत पळतो, एवढे आकडे घ्या, शोकेसमधला, म्हणजे स्काउटांपुढे कौशल्य दाखवायच्या मेळाव्यातला, एक व्हिडिओ बघा, झाली पारख. पुरावा म्हणून माइक पियाझाचं नाव दिलेलं असतं: 1988 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, 62 व्या फेरीत, 1390 व्या क्रमांकावर निवडलेला हा खेळाडू 2016 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला, म्हणजे स्काउटांना काही कळत नाही. आणि शेवटी, स्वभाव-बिभाव या सगळ्या गप्पा.

हे वाचून पालक खरोखरच पोरांना रडार गनपुढे, म्हणजे चेंडूचा वेग मोजणाऱ्या यंत्रापुढे, उभं करतात. म्हणून एकेक मुद्दा नीट बघू.

आधी वेग. त्याचं महत्त्व मी नाकारत नाही. मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतला सरासरी फास्टबॉल आज ताशी 94 मैलांच्या आसपास आहे, त्यामुळे हातात जोर हवाच. पण निव्वळ हात किती पुरतो, याचं एक उदाहरण आपल्याला जवळचं आहे. 2008 च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पुढे आले. दोघेही भालाफेक करणारे, बेसबॉल कधी न खेळलेले. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने त्यांना करारबद्ध केलं. दोघंही प्रामाणिकपणे राबले, पण मेजर लीगपर्यंत कोणीच पोचलं नाही. लहानपणापासून शेकडो सामने खेळून अंगात भिनतं ते कुठल्याच गनवर दिसत नाही. उलट बाजूला ग्रेग मॅडक्स बघा. किरकोळ अंगाचा, वेगासाठी कधीच न गाजलेला पिचर (चेंडू टाकणारा). 1984 मध्ये दुसऱ्या फेरीत निवडला गेला, 1992 ते 1995 सर्वोत्तम पिचरचे सलग चार साय यंग पुरस्कार आणि एकूण 355 विजय.

मग स्काउट बघतो तरी काय? समजा, एक पोरगा पहिल्या डावात 93 मैलांनी टाकतोय. कुंपणामागे सगळ्यांच्या गना वर होतात. स्काउट पाचव्या डावाची वाट बघत बसतो. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू, पोराचे ऐंशी चेंडू टाकून झालेले. आता त्याचा कोपर खाली यायला लागलाय का? कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) टाकताना हात जरा मंदावतो का, म्हणजे समोरच्या बॅटरला चाहूल लागते का? फास्टबॉल मारला गेल्यावर पुढच्या चेंडूला तो आणखी जोर लावतो, की चेंडू बॅटरच्या गुडघ्याशी नेऊन ठेवतो? दोन मुलांचे आकडे तंतोतंत सारखे असले तरी या प्रश्नांची उत्तरं वेगळी निघतात, आणि पुढची पाच वर्षं त्यांवरच ठरतात.

शिवाय स्काउट हा आकड्यांचा वैरी आहे, हे चित्रच खोटं आहे. स्टॉपवॉच आणि गन त्याच्या हातात कित्येक दशकांपासून आहे. कॅचरचा (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याचा) चेंडू दुसऱ्या बेसवर पोचायला किती वेळ लागला, बॅटर पहिल्या बेसवर किती सेकंदांत गेला, हे तोच मोजतो. त्याच्या अहवालात प्रत्येक कौशल्याला 20 ते 80 च्या पट्टीवर गुण असतात आणि 50 म्हणजे मेजर लीगची सरासरी. खरी मेख अशी की प्रत्येक कौशल्यापुढे गुण दोनदा लिहायचे असतात: एक आजचा, एक उद्याचा. सतरा वर्षांच्या मुलाच्या फलंदाजीला आजचे गुण 25 आणि उद्याचे 55 असू शकतात. यंत्र फक्त पहिला रकाना भरतं. दुसरा रकाना भरण्यासाठी खांदे अजून रुंदावतील का, कंबर जड होऊन शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या) जागेवरून तो तिसऱ्या बेसवर जाईल का, फसवा चेंडू त्याला सुटताक्षणी दिसतो की उशिरा, याचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकतातही. पण तो रकाना रिकामा ठेवून कोणालाच करार देता येत नाही.

शोकेसच्या व्हिडिओबद्दल फार बोलायला नको. ठरलेल्या वेळी, ताज्या अंगाने, निवडून ठेवलेले दहा फटके. धाव वाचवायची नसते, सामना हरायचा नसतो.

प्रत्यक्ष मैदानावर बघण्याचं उदाहरण म्हणजे माइक ट्राउट. त्याला न्यू जर्सीच्या गार वसंतात बघावं लागायचं. तिथे सामने कमी आणि प्रतिस्पर्धी कच्चे, म्हणून तिकडच्या बॅटरांकडे अनेक संघ साशंकतेने बघत. एंजल्स संघाचा स्काउट ग्रेग मॉरहार्ट मात्र त्याच्या मागे लागला. तो ट्राउटच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या स्पर्धेत) खेळलेला होता. 2009 मध्ये एंजल्सनी ट्राउटला 25 व्या क्रमांकावर निवडलं. त्याच्या आधी 24 वं नाव खुद्द एंजल्सनीच रँडल ग्रिचकचं घेतलं होतं, हेही सांगायला हवं. पुढे ट्राउट तीनदा एमव्हीपी (मोसमातला सर्वांत मौल्यवान खेळाडू) झाला.

आता पियाझा. 62 व्या फेरीतली त्याची निवड हा स्काउटांचा निकाल नव्हताच. त्याच्या वडिलांचे स्नेही आणि डॉजर्स संघाचे तेव्हाचे मॅनेजर टॉमी लासोर्डा यांच्या शब्दाखातर डॉजर्सनी त्याला घेतलं, आणि पहिल्या बेसवरच्या या मुलाला नंतर कॅचर केलं. दावा करणाऱ्याने अल्बर्ट पुहोल्सचं नाव घेतलं असतं तर मुद्दा जास्त बळकट झाला असता: 1999 मध्ये 13 वी फेरी, 402 वा क्रमांक, कारकिर्दीत 703 होमरन. ती चूक खरीच स्काउटांची. पण आकड्यांनी तरी काय दिवे लावले? होसे आल्तुवेला व्हेनेझुएलातल्या चाचणीतून आधी घरी पाठवलं गेलं, कारण कमी उंची. उंची हाही मोजपट्टीवरचा आकडाच. तो पुन्हा आला, अवघ्या 15,000 डॉलरला करारबद्ध झाला आणि 2017 मध्ये अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) एमव्हीपी ठरला.

स्वभावाला गप्पा म्हणणाऱ्यांनी मॅट बुशचं प्रकरण आठवावं. 2004 मध्ये सॅन डिएगो पाद्रेजनी त्याला सगळ्यांत पहिला निवडलं. दुसरं नाव होतं जस्टिन व्हर्लँडर. बुशची वर्षं दारू, कायद्याच्या कटकटी आणि तुरुंगवास यांत गेली. हात मात्र इतका जबरदस्त होता की 2016 मध्ये तो टेक्सास रेंजर्सकडून पिचर म्हणून मेजर लीगमध्ये आला. म्हणजे गनने जे सांगितलं ते बरोबरच होतं. तरीही मधली बारा वर्षं गेली.

या दाव्यातली मला सगळ्यांत खुपणारी गोष्ट वेगळी आहे. आकड्यालाच पारख म्हटलं की पोरं आकड्यासाठी टाकायला लागतात, प्रत्येक चेंडू जीव खाऊन. डिसेंबर 2024 मध्ये मेजर लीग बेसबॉलने पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. त्यात वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण ताकद, यांकडेच बोट दाखवलं आहे. कोपराच्या अस्थिबंधनाची टॉमी जॉन शस्त्रक्रिया 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी एका प्रौढ व्यावसायिक पिचरवर पहिल्यांदा केली. आज ती शाळकरी मुलांवर होते.

मुलांसाठीची ‘पिच स्मार्ट’ नियमावली 2014 पासून सगळ्यांना उपलब्ध आहे. 15-16 वर्षांच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त 95 चेंडू टाकावेत, 17-18 च्या मुलाने 105. वर्षातले किमान चार महिने सामन्यात पिचिंग नको, आणि त्यांतले सलग दोन-तीन महिने खांद्यावरून फेकणं पूर्ण बंद. शोकेसमध्ये आकडा दाखवायचा म्हणून पोरगा थंडीतही टाकत राहिला, तर पहिला बळी याच विश्रांतीचा जातो. आणि त्या दिवशी गनवर आलेला आकडा तर नेहमीपेक्षा चांगलाच दिसतो.