कोलंबानस रोमविरोधी होता? त्याची पत्रं वाचा

सहाव्या शतकातला आयरिश धर्मप्रसारक संन्यासी कोलंबानस याच्याबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. तो म्हणे रोमला न जुमानणाऱ्या, निसर्गात रमणाऱ्या, मोकळ्याढाकळ्या ‘केल्टिक चर्च’चा (म्हणजे आयर्लंड-ब्रिटनमधल्या ख्रिस्ती परंपरेचा) बंडखोर होता, म्हणूनच रोमनं त्याला फ्रान्समधून हाकललं. या माणसाची स्वतःची पत्रं शिल्लक असताना असं बिनधास्त लिहिलं जातं, याचा खरंच राग येतो.

पहिला पुरावा दिला जातो तो ईस्टरच्या तारखेच्या वादाचा. येशूच्या पुनरुत्थानाचा हा सण चंद्रावरून ठरतो. आयरिश लोक ८४ वर्षांचं जुनं चक्र धरत, तर गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्समधले, बिशप व्हिक्टोरियस नावाच्या गणितज्ञाचं कोष्टक धरत. आपल्याकडे स्मार्त आणि भागवत एकादशी कधीकधी वेगळ्या दिवशी येते, म्हणून कुणाचा धर्म बदलत नाही. हा वादही पंचांगाचाच, फक्त फार कडवा. आणि दाद मागायला कोलंबानस गेला कुणाकडे? इ.स. ६०० च्या सुमारास त्यानं थेट पोप ग्रेगरीलाच लिहिलं, की व्हिक्टोरियसचं गणित आमच्या विद्वानांनी हसण्यावारी नेलंय, तुम्ही निवाडा द्या. रोमला न मानणारा रोमकडे निवाडा कशाला मागेल?

६१३ साली पोप बोनिफेस चौथा याला लिहिलेलं पत्र तर जळजळीत आहे. जागे व्हा, असं तो पोपला सुनावतो. बंडाचा पुरावा म्हणून नेमकं एवढंच उचललं जातं. त्याच पत्रात तो म्हणतो की जगाच्या टोकाला राहणारे आम्ही आयरिश पीटर आणि पॉल यांचे शिष्य, आमच्यात पाखंडी कुणी झाला नाही, आणि रोम आमच्या लेखी मोठं आहे ते पीटरच्या गादीमुळेच, म्हणजे पोपच्या पदामुळेच. हक्काच्या माणसालाच असं खडसावता येतं.

मोकळेपणाचं म्हणाल, तर त्याच्या मठाचे नियम बघा. स्तोत्राच्या सुरुवातीला खोकला आवरला नाही, सहा फटके. जेवताना चमच्यावर क्रुसाची खूण केली नाही, सहा फटके. रानातली खार त्याच्या अंगाखांद्यावर खेळायची, असं चरित्रकार जोनास सांगतो. ते वाचून मलाही तो फार जवळचा वाटतो. पण तेवढ्यानं तो निसर्गपूजक ठरत नाही.

राहिली हकालपट्टी. बिशपांशी त्याचं वाजलं होतं, हे खरं. पण ६१० साली त्याला फ्रान्समधल्या लुक्सयच्या त्याच्या मठातून काढलं ते राजा थ्यूडरिक दुसरा आणि त्याची आजी ब्रुनहिल्डा यांनी. राजाच्या लग्नाबाहेरच्या मुलांना आशीर्वाद द्यायला त्यानं साफ नकार दिला होता. पोपचा यात काडीचाही संबंध नव्हता. उलट हा ‘रोमविरोधी’ माणूस गेला इटलीत. लोम्बार्ड राजा आगिलुल्फनं बॉबियोत जागा दिली, तिथलं सेंट पीटरचं पडकं चर्च त्यानं दुरुस्त केलं, मठ उभारला आणि २३ नोव्हेंबर ६१५ ला तिथेच देह ठेवला.