सुंता, 60 टक्के आणि अर्धवट फॉरवर्ड

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘सुंता झालेल्या पुरुषाला एचआयव्ही किंवा गुप्तरोग होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 60 टक्के संरक्षण मान्य केलंय. बायकोही सुरक्षित राहते. मग कंडोम कशाला? मुलगा झाला की लगेच करून घ्या.’ यातला 60 हा आकडा खरा आहे. बाकीचं एकेक बघू.

‘60 टक्के संरक्षण’

आकडा आला तीन वैद्यकीय चाचण्यांतून; त्यांत लागण साधारण 50 ते 60 टक्क्यांनी घटली. दक्षिण आफ्रिकेतलं ऑरेंज फार्म, केनियातलं किसुमू, युगांडातलं राकाई. मिळून सुमारे 11 हजार पुरुष. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाची सुंता लगेच केली, दुसऱ्याची नंतर करायची ठरली. किसुमूत दोन वर्षांत सुंता न झालेल्या गटात 4.2 टक्के जणांना एचआयव्हीची लागण झाली, झालेल्या गटात 2.1 टक्के. फरक इतका उघड होता की डिसेंबर 2006 मध्ये केनिया आणि युगांडातल्या चाचण्या मुदतीआधीच थांबवून दुसऱ्या गटालाही शस्त्रक्रिया देऊ केली. सुंतेत काढतात त्या अग्रत्वचेच्या, म्हणजे लिंगाच्या टोकावरच्या कातडीच्या, आतल्या बाजूला एचआयव्ही ज्यांच्यात शिरतो त्या पेशी भरपूर असतात, शिवाय तिच्याखालचे जीवाणू दाह वाढवतात. ती गेली की वाटही अरुंद होते.

यावर सुंतेच्या विरोधातले लोक म्हणतात, ‘4.2 वजा 2.1, म्हणजे जेमतेम दोन टक्के, यात काय मोठंसं?’ तेही फसवंच. हा दोन वर्षांचा हिशेब आहे, आणि धोका दरवर्षी नव्याने येतो. पण 60 टक्के म्हणजे दहापैकी साधारण सहा लागणी टळल्या, चार झाल्याच. आणि हे फक्त बाईकडून पुरुषाला संभोगातून होणाऱ्या लागणीबद्दल. सुईतून, रक्तातून येणाऱ्या एचआयव्हीशी याचा संबंध नाही.

‘गुप्तरोग होत नाहीत’

इथे फॉरवर्ड सरळ खोटं बोलतो. राकाईत जननेंद्रियावरच्या नागिणीचं, म्हणजे हर्पिसचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने घटलं. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू, सुमारे एक तृतीयांशाने. सिफिलिसमध्ये फरक नाही. किसुमूत गोनोरिया आणि क्लॅमिडियातही नाही.

त्यासाठी आफ्रिकेपर्यंत जायलाही नको. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या 2,298 पुरुषांचा अभ्यास 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची नवी लागण खूपच कमी आढळली, पण हर्पिस, सिफिलिस, गोनोरियापासून ठोस संरक्षण दिसलं नाही. हा निरीक्षणावरचा अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. तरी ‘एचआयव्ही कमी’ एवढीच ओळ उचलून उरलेली गाळायची, हे आपल्याकडे नेहमीचंच.

‘बायको सुरक्षित’

राकाईतच आधीपासून एचआयव्ही असलेल्या पुरुषांवर वेगळी चाचणी झाली. सुंता झालेल्यांच्या जोडीदारणींपैकी 18 टक्के बायकांना लागण झाली, न झालेल्यांच्या 12 टक्के. संख्या लहान होती, त्यामुळे सुंतेने धोका वाढतो असं म्हणता येत नाही. पण बायकांना फायदाही दिसला नाही आणि चाचणी थांबवावी लागली. जखम भरण्याआधी संबंध ठेवणं विशेष धोक्याचं, म्हणूनच सहा आठवडे थांबायला सांगतात. एचपीव्हीचं प्रमाण जोडीदारणींत थोडं घटतं हे खरं, पण त्यासाठी आता लस आहे, आणि त्यातली एक पुण्यातच बनते.

‘मग कंडोम कशाला?’

तिन्ही चाचण्यांत दोन्ही गटांना कंडोम आणि समुपदेशन दिलं होतं. म्हणजे 60 टक्के हा त्यावरचा जास्तीचा फायदा. कंडोम वजा केला तर तो आकडाच तुमचा राहत नाही.

‘मुलगा झाला की लगेच’

जागतिक आरोग्य संघटनेची 2007 ची शिफारस जिथे एचआयव्ही सर्वसामान्य लोकांत पसरलेला आहे आणि सुंतेची प्रथा कमी आहे अशा देशांसाठी होती. सुंतेचा कार्यक्रम पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या 15 देशांत चालला. भारतात प्रौढांतलं प्रमाण सुमारे 0.2 टक्के. त्यातही 2020 च्या मार्गदर्शिकेत भर आहे तो 15 वर्षांपुढच्या मुलांवर आणि पुरुषांवर. धर्म म्हणून सुंता करणाऱ्यांना या चाचण्यांची गरज नाही, ते आधीपासून करत आलेत. फायमोसिससारखा (अग्रत्वचा मागे न सरकण्याचा) त्रास असेल तर सर्जन वेगळ्या कारणासाठी सुचवतील. पण लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांसाठी म्हणून करायची असेल, तर पाळण्यातल्या बाळाला घाई नाही. मोठा झाल्यावर तो स्वतः विचारून ठरवू शकतो.